ओले भात आणि कर्मचाऱ्याची कल्पना

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे, सरस्वती महाल आणि मोडी दफ्तरे आठवतात. प्रशासनाच्या दृष्टीने मला मात्र तेथील आणखी एक कथा महत्त्वाची वाटते. ती एका भातगिरणीची आहे.

१९६० च्या दशकात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात एडीटी-२७ हे कमी मुदतीचे वाण आले आणि कुरुवै हंगामाला जोर चढला. पण हे पीक कापणीला येते ते नेमके ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर. ओले भात ढिगात तापते, त्याला कोंब फुटतात. तिरुवारूर तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते. तेथे १९६७ साली तंजावर सहकारी विपणन महासंघाच्या आधुनिक भातगिरणीच्या आवारातच एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांचे तिला मार्गदर्शन होते. ओले भात टिकविण्यासाठी उपाय वापरला तो साध्या मिठाचा! मीठ दाण्यातील जादा ओलावा ओढून घेते आणि वाळवणीपर्यंत उसंत मिळते. १९७२ मध्ये या प्रयोगशाळेचे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले. पुढे ते तंजावर शहरात आले, आणि २०२१ च्या कायद्याने 'निफ्टेम-तंजावर' ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली.

येथे कल्पना तज्ज्ञाची होती, कामगाराची नव्हे, हे मान्य. परंतु अडचण जेथे रोज दिसते तेथेच प्रयोगाला जागा मिळाली, हा यातील खरा बोध आहे. आपल्या बहुतेक जुन्या कंपन्या व सार्वजनिक उपक्रमांत अडचण पाहणारा एका टोकाला आणि प्रयोगाची परवानगी देणारा दुसऱ्या टोकाला असतो. मधले अंतर फायलीने भरलेले असते.

यावर सूचनापेटी हा सर्वमान्य उपाय. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली व ती टिकली. आपल्याकडे पेट्या पुष्कळ कार्यालयांत आहेत, पण कित्येकांची कुलपे गंजलेली आढळतात. कर्मचाऱ्यांना कल्पना सुचत नाहीत, असे याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा प्रोत्साहनांचा प्रश्न आहे. प्रयोग फळाला आला तर लाभ संस्थेला, फसला तर जबाब कर्मचाऱ्याला. असा व्यवहार असेल तर गप्प राहणे हेच शहाणपणाचे ठरते. सरकारी क्षेत्रात तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या एका तरतुदीमुळे, सार्वजनिक हिताशिवाय कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला एवढ्यावरून, वाईट हेतू सिद्ध न होताही अधिकारी दोषी ठरू शकत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली. पण कायद्यातून गेलेली भीती मनातून जायला वेळ लागतो.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येक कारखान्यात व कार्यालयात प्रयोगासाठी छोटी ठराविक रक्कम असावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार स्थानिक प्रमुखास असावा. प्रयोगाचा हेतू, मर्यादा व मुदत आधीच लेखी नोंदविली असेल, तर लेखापरीक्षणाने फक्त ती पाळली गेली का हे पाहावे. प्रयोग फसला एवढा आक्षेप पुरेसा मानू नये. दुसरी, प्रत्येक सूचनेला ठराविक दिवसांत सकारण उत्तर मिळावे. नकार कर्मचाऱ्याला सहन होतो, मौन होत नाही. तिसरी, स्वीकारलेली सूचना सूचविणाऱ्याच्या नावानेच नोंदली जावी. साहेबाच्या सहीखाली गेलेली कल्पना ही पुष्कळदा त्या कर्मचाऱ्याची शेवटची कल्पना ठरते.

आजही ऐन पावसात कापणी आली की त्रिभुज प्रदेशातील खरेदी केंद्रांवर ओल्या भाताचे ढीग लागतात. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. ती शिथिल करावी म्हणून राज्याकडून केंद्राकडे विनंती जाते. निर्णय येईपर्यंत शेतकरी ताडपत्री धरून थांबतो. त्या केंद्रावर पोती मोजणाऱ्या माणसाला या प्रश्नाविषयी बरेच काही ठाऊक असते. ते विचारण्याची सोय आपण करणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.