सुटका कोणाची, भार कोणावर?

जमीन सुधारणेचा कोणताही कायदा वाचताना मी एक प्रश्न आधी विचारतो : यातून सुटका कोणाची झाली आणि तिची किंमत कोणी मोजली? हा प्रश्न मला इंग्लंडच्या सरंजामी जमीन कायद्याने शिकवला.

त्या व्यवस्थेत सारी जमीन अंतिमतः राजाची. उमराव ती राजाकडून धारण करीत, त्यांच्याखाली दुय्यम धारक, आणि तळाशी कसणारा शेतकरी. धारक मरण पावला की वारसाने वरच्या धन्यास नजराणा द्यायचा. वारस अज्ञान असेल तर जमिनीचे उत्पन्न आणि त्याचा विवाह ठरविण्याचा अधिकारही धन्याकडे जाई. जमीन विकताना मध्ये नवी पायरी घातली जाऊ लागली, तशी ही देणी बुडू लागली. म्हणून १२९० मध्ये पहिल्या एडवर्डच्या ‘क्विया एम्प्टोरेस’ कायद्याने नव्या पायऱ्या बंद केल्या आणि खरेदीदाराला थेट विक्रेत्याच्या जागी उभे केले. मुक्त धारकाला जमीन विकण्याची मोकळीक मिळाली खरी. पण राखायचे होते ते बड्यांचे उत्पन्न.

१६६० मध्ये संसदेने राजाला मिळणारी ही सरंजामी देणीच रद्द केली. बदल्यात राजाला वर्षाला एक लाख पौंड द्यायचे ठरले. लाभ जमीनदारांचा होता, तेव्हा भरपाईचा कर जमिनीवर बसणे न्याय्य ठरले असते. तसा प्रस्ताव सभागृहापुढे होताही. तो निसटत्या मतांनी फेटाळला गेला. कर बसला बिअर आणि इतर पेयांवर. म्हणजे उमरावांच्या मुक्तीचे मोल मजुराने आपल्या पेल्यातून चुकते केले. ‘कॉपीहोल्ड’ने, म्हणजे जहागिरीच्या दप्तरातील नोंदीच्या आधारे, जमीन कसणाऱ्यांना तर या कायद्याने स्पष्टपणे वगळले. त्यांची ती धारणपद्धती संपायला १९२६ साल उजाडले.

याच मालमत्ता-विचारात वाढलेल्या कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये कायमधारा आणला. सरकारचा महसूल कायमचा ठरला, जमीनदार निश्चिंत झाला. रयतेच्या खंडाला मात्र तशी मर्यादा मिळाली नाही. तिच्या वहिवाटीच्या हक्कांना भक्कम कायदेशीर आधार मिळाला तो १८८५च्या कूळ कायद्याने, तब्बल ९२ वर्षांनी.

आज जमीन अभिलेखांचे संगणकीकरण होत आहे, शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्याचे कायदे सुचविले जात आहेत. मला त्यांचे स्वागतच करायचे आहे. परंतु तोंडी करारावर शेत कसणाऱ्याचे नाव त्या अभिलेखात येणार नसेल, तर पीककर्ज आणि नुकसानभरपाई कागदावरील मालकाला मिळेल आणि दुष्काळ कसणाऱ्याच्या वाट्याला येईल. सुधारणेची कसोटी वरच्या पायरीवरील माणूस किती मोकळा झाला, ही नव्हे. तळाच्या माणसाच्या खांद्यावर भार किती उरला, ही आहे.