मशीन वाटून झाली, आता दराचं बोला

आमच्या मोहल्ल्यात आजवर शिलाई मशीन वाटपाचे सहा कार्यक्रम झाले. सहाही मी पाहिलेत. पक्ष वेगवेगळे होते, मंडपवाला मात्र एकच. स्टेजवर हार-शाल, खाली बुरख्यातल्या बायकांची रांग, प्रत्येकीसमोर एक मशीन आणि मशीनवर नेत्याचा हात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यातली एक मशीन माझ्या मावसबहिणीकडे आहे. तिच्यावर सध्या मिक्सर ठेवलेला असतो.

मुस्लिम बाईचं काय करायचं, असा प्रश्न पडला की सत्ताधाऱ्यांपासून समाजसेवकांपर्यंत सगळ्यांना एकच उत्तर सुचतं : तिला शिवायला बसवा. तिच्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजला जायला वेळेवर एसटी नाही, घराजवळ पाळणाघर नाही, वस्तीतल्या बायकांना बँक कर्ज देत नाही, ही सगळी कामं कटकटीची. मशीन वाटणं सोपं. सच्चर समितीने 2006 साली सांगितलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी फार मोठा हिस्सा घरात बसून, तुकड्यावर काम करतो. तो अहवाल म्हणजे दुखण्याचं निदान होतं. आपल्याकडे त्यालाच औषध समजले.

हे सगळं लिहिणारी मी स्वतः गोधडी शिवायला शिकवते. दर शुक्रवारी दुपारी, जुम्मा उरकून घरची जेवणं आटोपली की माझ्या पुढच्या खोलीत अकरा बायका जमतात. म्हणजे मीही तेच करतेय, नाही का? हा प्रश्न माझ्या मुलीने मला विचारला आणि तो मला बरेच दिवस झोंबला.

आधी माझं घर सांगते. आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. आजोबांची धनुकली अजून आमच्या माळ्यावर आहे, तात तुटलेली. ती खांद्याला अडकवून ते गावोगाव फिरत, कुणाच्या अंगणात बसून जुन्या गादीचा दबलेला कापूस पिंजून फुलवून देत. आमच्यातले काहीजण मन्सुरी आडनाव लावतात आणि नातं थेट मन्सूर हल्लाजशी जोडतात. खरंखोटं अल्लाह जाणे. पण 922 साली बगदादमध्ये सुळी गेलेल्या त्या सूफीच्या नावातल्या ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थ पिंजारीच आहे, एवढं नक्की. मशीनने पिंजलेला कापूस आणि फोमच्या गाद्या आल्या, धनुकली माळ्यावर गेली. अम्मीची गोधडी तेवढी चालू राहिली, कारण तिला भांडवल लागत नव्हतं. जुन्या साड्या, सुई, दोरा आणि झोपेतून काढलेला वेळ.

म्हणून शहरातल्या एका प्रदर्शनात एका बाईंनी माझ्या स्टॉलवर येऊन “अय्या, गोधडी तुमच्यातही शिवतात?” असं विचारलं तेव्हा मला काय बोलावं सुचेना. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दोन दुपटी विकत घेतली. पण त्यांच्या डोक्यात गोधडी म्हणजे आजी, आजी म्हणजे नऊवारी, आणि त्या चित्रात माझी अम्मी बसत नव्हती. अहो, गोधडीला आतून लावता ते अस्तर फारसी, बोटात घालता ते अंगुस्तान फारसी, फाटलं की करता ते रफूही तिकडचंच. आणि माझी अम्मी गोधडीला वाकळच म्हणायची, जसं तिच्या शेजारची पाटलीण म्हणायची. दोघी एकाच पारावर, एकीच्या जुन्या लुगड्यात दुसरीची ओढणी घालून टाके घालत. खानापूर ओलांडून हल्याळ-यल्लापूरकडे गेलात तर सिद्दी बायका कवंदी शिवताना दिसतील. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या या लेकी. कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, कुणी हिंदू. त्या कडेपासून सुरुवात करून आत मध्याकडे शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. कवंदी पाहून शिवणारीचा धर्म मला तरी सांगता येणार नाही.

तर आमचा शुक्रवार. नवशिकीची पहिली चूक ठरलेली असते. ती वरून बघत शिवते. वरचे टाके मोत्यासारखे, आणि उलटी केली तर सुई खालच्या थरापर्यंत पोचलेलीच नाही. अशी गोधडी पहिल्याच धुण्याला फुगते, आतले तुकडे गोळा होऊन कोपऱ्यात बसतात. अम्मी म्हणायची, “उपर से सब दुल्हनच दिखतीं. उल्टी कर, फिर बोल.” दुसरी चूक साडीची. हल्ली घरोघरी सिंथेटिक साड्या. त्या सुईखाली सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि एक थर तसला घातला की बाकीचे सुती थर त्याच्यावरून घसरतात. मी तसली साडी परत पाठवते. बायका रागावतात, कारण सुती साडी आता घरात असतेच कुठे? मग आम्ही बाजारातून जुन्या चादरी वजनावर आणतो, दोनदा धुतो, फरशीवर अंथरून कडांना वरवंटा, बत्ता, भरलेले डबे ठेवतो आणि हातभर लांब कच्चे टाके घालून थर बांधून घेतो. एवढं झाल्यावर मग खरी शिवण.

आणि आमच्याकडे पहिल्या दिवशी टाका शिकवत नाहीत, हिशेब शिकवतात. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी घ्या. ओळी एकेक इंचावर. म्हणजे 60 ओळी, प्रत्येक 84 इंचांची. इंचाला तीन टाके धरले तर 15,120 टाके. सरावलेला हात दोरा ओवणं, गाठ मारणं, पाठ ताठ करणं धरून मिनिटाला दहा टाके घालतो. झाले 25 तास. कापड धुणं, कापणं, तुकडे जोडणं, अंथरणं याचे आणखी दहा. एकूण 35. हा आकडा मी भिंतीवर खडूने लिहिते. आमच्यातल्या एका बाईला लिहिता-वाचता येत नाही, पण ती तो आकडा ओळखते आणि पुसला गेला की ओरडते.

कारण गेल्या वर्षी एका संस्थेकडून 40 गोधड्यांची ऑर्डर आली होती. कापड त्यांचं, मजुरी एका गोधडीला 450 रुपये. भागाकार करा. तासाला तेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. तीच गोधडी त्यांच्या दुकानात 3,800 ला होती; सोबत एक कार्ड, त्यावर ‘ग्रामीण स्त्रियांच्या मायेची ऊब’. मजुरीचा विषय काढला तर त्यांच्या ताई म्हणाल्या, “त्या घरीच असतात ना, फावल्या वेळात तर करायचंय.” आणि गंमत बघा, हेच वाक्य आमचे पुरुषही बोलतात. “घर में बैठके दो पैसे कमा लेती, अच्छाच है.” मोहल्ल्यातल्या जमातीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका बुजुर्गांनी मला हलालच्या रोजीचं महत्त्व सांगितलं. मी म्हटलं, चाचा, मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, असं आपल्याला मदरशात शिकवलं ना? मग हातात पडणारी ती मजुरी किती, हे कधी विचारायचं? त्यांनी विषय बदलला.

मी ती ऑर्डर नाकारली. इथे मला एक कबुली द्यायची आहे. नाकारण्याआधी मी अकराजणींना विचारलं नाही. मला इतकं बरोबर वाटत होतं की विचारायची गरजच वाटली नाही. पुढच्या शुक्रवारी पाचजणी आल्या नाहीत. त्यांनी परस्पर जाऊन ते काम घेतलं होतं. त्यातली एक विधवा आहे, भाड्याच्या खोलीत राहते. तिने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, “आपा, तुमचा नवरा पगार आणतो. तुम्हाला नाही म्हणता येतं.” ताईंनी जे केलं तेच मी केलं होतं; तिचं तिच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

तेव्हापासून दर मीच ठरवत नाही, सगळ्या मिळून ठरवतात. अमेरिकेतल्या अलाबामात 1966 साली काळ्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली होती, फ्रीडम क्विल्टिंग बी. मतदारयादीत नाव घातलं म्हणून जमीनमालकांनी हुसकावलेली कुटुंबं त्या भागात होती. त्यांना मदत करणारे पाद्री होते, माल न्यूयॉर्कला जायचा, पण संस्था बायकांची होती. त्याच भागातल्या जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या त्या 2002 मध्ये, म्हणजे 36 वर्षांनी. आपल्याकडे उलटा क्रम चालतो. आधी भिंतीवर लावतात, कौतुकाची भाषणं होतात, आणि शिवणारीचं खातं रिकामंच.

मुलीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. एवढंच सांगितलं की मला बायकांना शिवायला बसवायचं नाहीये. त्या बसलेल्याच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. मला त्यांना वही उघडायला लावायची आहे. आणि वाटपवाल्यांना माझं म्हणणं आहे : पुढच्या वेळी याल तेव्हा मशीन आणू नका. सरकारी वसतिगृहांची, दवाखान्यांची पांघरुणं कुणाकडून, काय भावाने घेतली जातात त्याचा कागद आणा. आमच्या अकराजणींच्या गटाला त्या निविदेत भाग घेता येईल अशी अट घाला. हार आम्ही घालू.

पाचपैकी तिघी परत आल्यात. ती विधवा बाईही. 450 च्या आठ गोधड्या शिवून तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट दोन महिने वळत नव्हतं. परवा तिने एका डॉक्टरीणबाईंना गोधडी विकली आणि दर स्वतः सांगितला, 2,100. त्या 1,800 म्हणाल्या. हिने गोधडी उलटी करून पाठ दाखवली आणि गप्प बसली. 2,000 ला सौदा झाला. खोलीत येऊन तिने भिंतीवरच्या 35 ने भागून बघितलं, तर तासाला 57 रुपये आले. “कापड-दोऱ्याचे वजा करा की आपा,” मागून ती न लिहिता येणारी बाई म्हणाली. मग आम्ही पुन्हा वही उघडली.