जुन्या पेटीचे नवे काम



गेल्या काही महिन्यांत आमच्या धर्मग्रामातील निदान चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. घरी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येत होते. आता काचेच्या तंतूवरून, ज्याला आपण सर्वजण फायबर म्हणतो त्यावरून, येऊ लागले. नव्या जोडणीबरोबर नवी पेटी आली. मग जुन्या पेटीचे, म्हणजे जुन्या राउटरचे, काय करावे? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उत्तर मनाशी ठरवूनच ठेवले होते: रविवारी भंगारवाला येतो, त्याच्या पदरात टाकावी. तसे करू नका, असे मी त्यांना सांगितले. त्यामागे हैदराबादच्या बेगम बाजारात घडलेली एक हकीगत आहे, आणि तीत माझी स्वतःची फजितीही असल्यामुळे ती पुरती ध्यानात राहिली आहे.

मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद कधी परके वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, आणि कामधंद्यासाठी तिकडे जाण्याची वहिवाट त्यानंतरही मोडली नाही. आमच्याकडील एक कुटुंब असेच पुष्कळ वर्षांपूर्वी तिकडे गेले. प्रथम परक्याच्या दुकानी नोकरी, मग बेगम बाजारातच भांड्यांचे स्वतःचे लहानसे दुकान. ज्यांनी हा बाजार पाहिला नसेल त्यांनी एवढेच कल्पावे की, मुसी नदीच्या उत्तरेस अरुंद गल्ल्यांचे जाळे आहे, त्यांत सुकामेवा, मसाले, पितळी व स्टीलची भांडी यांचा घाऊक व्यापार चालतो, आणि हातगाड्या, हमाल व गिऱ्हाइके यांच्यामधून वाट काढणे हीच एक तपश्चर्या आहे. आमच्या कुटुंबाचे घर तेथील जुन्या पद्धतीचे: पुढे दुकान, मध्ये भांड्यांची वखार, मागे स्वयंपाकघर व त्याला लागून आजींची खोली. भिंती चुन्याच्या व हातभर जाड.

या आजींची एक कन्या धर्मभगिनी असून केनिया देशात सेवा करते. रोज रात्री साडेनऊ वाजता, तेव्हा तिकडे सात वाजलेले असतात, ती आईला फोन लावते. दोघी मिळून जपमाळेचा एक दशक म्हणतात आणि मग गावच्या गोष्टी होतात. आजींजवळ नातीने वापरून सोडलेला एक टॅब्लेट आहे. त्यात सिमकार्ड नाही, आणि त्या गल्लीत मोबाइलची रेंजही जेमतेमच येते. म्हणून त्यांचा सारा भरवसा घरच्या वायफायवर. टेलिफोन पूर्वी मधल्या बोळात, आजींच्या दाराशी होता. त्यामुळे जुनी पेटीही तेथेच होती. फायबर मात्र रस्त्याकडून आले, आणि बसविणाऱ्या माणसाने सोयीची जागा पाहून नवी पेटी दुकानात, गल्ल्याच्या वर ठोकली. दुकानात इंटरनेट पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने धावू लागले; आजींच्या खोलीत ते पोहोचेनासे झाले.

ह्यात नवल काहीच नाही. वायफाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. जाड भिंत त्यांना क्षीण करते आणि धातू त्यांना परतवून लावतो. नव्या पेट्यांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. त्यांपैकी पाच गिगाहर्ट्झच्या अधिक वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढे त्या लवकर हात टेकतात. अडीचच्या आतबाहेरच्या जुन्या लहरी भिंतीतून त्यांच्यापेक्षा बऱ्या जातात. येथे तर दुकान व खोली यांच्यामध्ये छतापर्यंत रचलेली पातेली, हंडे आणि परातींची उतरंड. ती ओलांडून कोणती लहर जाणार?

मी एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे उतरलो तेव्हा आजींची व कन्येची आठ दिवसांत भेट झाली नव्हती. मुलगा दिवसभर दुकानात असतो, त्याच्या ध्यानात हे आलेच नव्हते. आणि आजींनी सांगितले नव्हते. मला मात्र त्या हळूच म्हणाल्या, "फादर, समदं नवं झालंय, चांगलं झालंय. माझ्या एकटीपायी पुन्हा माणूस कशाला बोलवायलेत? लेकीला म्हणावं, पत्र धाड." बोलताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका पिशवीकडे होती. पिशवीत जुनी पेटी, तिची तार व रद्दी एकत्र घालून ठेवली होती.

आता ही जुनी पेटी काय करू शकते आणि काय नाही, ते नीट समजून घेतले पाहिजे. तिच्या पाठीमागे टेलिफोनची तार घालण्याचे एक अरुंद भोक असते. ते केवळ तांब्याच्या तारेसाठी. त्यात फायबर जात नाही, आणि नव्या कंपनीची जोडणी ही पेटी स्वतः घेऊ शकत नाही. परंतु ते तिचे एक काम झाले. त्या शेजारी साधारण चार रुंद भोके असतात, त्यांस लॅन म्हणतात, आणि पेटीत वायफाय असतेच. ही दोन्ही अंगे शाबूत असतात. नव्या पेटीच्या लॅनमधून एक तार आणून जुनीच्या लॅनमध्ये घातली, तर जुनी पेटी बाहेरच्या जगाशी न बोलताही घरातल्या दूरच्या खोलीत वायफाय पुरवू शकते. या कामाला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. एवढे लांब घर आपल्यापैकी कोणाचे असणार?

एवढे मला ठाऊक होते आणि त्याचाच मला थोडा गर्व झाला असावा. मी कोटीतील गुजराती गल्लीतून वीस मीटरची तार आणविली, वखारीतून ती ओढून घेतली, आणि मुलाच्या परवानगीने दोन्ही पेट्या जोडून दिल्या. दिवे लागले. पाच मिनिटांत दुकानातून हाक आली. बिलाचा संगणक बंद, गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे भरून उभे, आणि पैसे आल्याची वर्दी मात्र नाही. शनिवारची संध्याकाळ, दुकानात पाऊल ठेवायला जागा नाही. मालकाने मला एक शब्दही सुनावला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले आणि गिऱ्हाइकांना चहा मागविला. तार ओढून काढली, तेव्हा काही वेळाने सारे पूर्ववत झाले.

चूक शोधली ती नववीत शिकणाऱ्या नातीने. तिने दोन्ही पेट्या उलट्या करून त्यांच्या पोटावरील चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाली, "फादर, दोघींचा पत्ता एकच आहे." खरोखरच दोन्हींवर १९२.१६८.१.१ हाच आकडा होता. घरातील प्रत्येक यंत्र बाहेर जाण्यासाठी ह्या पत्त्यावर येते. एका पत्त्यावर दोन दारे असली, आणि त्यांतले एक दार भिंतीत उघडत असले, म्हणजे जे व्हायचे तेच झाले. शिवाय दुसरा घोटाळा होता. प्रत्येक पेटी घरातील फोन, संगणक, टॅब्लेट यांना क्रमांक वाटते. ह्या वाटपास डीएचसीपी म्हणतात. रेशनच्या दुकानाबाहेर दोन माणसे एकाच वेळी आपापल्या मनाने टोकन वाटू लागली तर रांगेचे काय होईल, हे गावच्या लोकांना सांगायला नको.

मग आम्ही क्रमाने काम केले. घरी करणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. जुनी पेटी नवीपासून अलग ठेवली. तिच्या मागे टाचणी जाईल एवढे छिद्र असते, त्यातील बटण दहाएक सेकंद दाबून धरले, म्हणजे जुन्या सर्व नोंदी पुसल्या जाऊन पेटी कारखान्यातून आली तशी झाली. नंतर ती तारेने संगणकाला जोडून, चिठ्ठीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये घालून तिच्या अंतरंगात शिरलो. तेथे तिचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, हा आकडा नवी पेटी दुसऱ्या कोणाला देणार नाही अशीही तजवीज केली, आणि क्रमांक वाटण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले. वायफायला दुकानातलेच नाव व तोच परवलीचा शब्द दिला, जेणेकरून आजींना काही नव्याने शिकावे लागू नये. कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ ठेवला. पेटीत शिरण्याचा मूळचा शब्द सर्व जगाला ठाऊक असतो, तोही बदलला. अशा गजबजलेल्या बाजारात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरींची गर्दी फार. म्हणून १, ६ व ११ या तीन वाटांपैकी जी नातीच्या मोबाइलवर सर्वांत मोकळी दिसली ती निवडली. एवढे झाल्यावरच तार जोडली, लॅनमधून लॅनमध्ये. टेलिफोनचे भोक रिकामेच राहिले. दुकान चालूच राहिले, आणि मालकाने ह्या खेपेस चहा मला दिला.

जुन्या पेटीचा वेग थोडा आहे, हे कबूल केले पाहिजे. अशा पुष्कळ पेट्यांची भोके सेकंदाला शंभर मेगाबिटपेक्षा अधिक पेलत नाहीत, आणि वायफायचा वेग तर त्याहूनही कमी पडतो. तथापि आईने लेकीचे तोंड पाहण्यास तो पुरून उरतो. विजेचाही हिशेब केला: पेटी सहा वॅटची असेल तर रात्रंदिवस चालून महिन्याला सुमारे सव्वाचार युनिट.

सर्वच जुन्या पेट्या ठेवाव्यात असे मात्र माझे म्हणणे नाही. जी पेटी केवळ डब्ल्यूईपी नावाचे जुने कुलूप जाणते, ती ठेवू नये. ते कुलूप फोडणे आता पोरखेळ आहे. पेटी कंपनीच्या मालकीची असेल तर परत करावी आणि अनामत मागून घ्यावी; कित्येक जण ती विसरतात. जुन्या पेटीला दुसऱ्या यंत्राचा अॅडॅप्टर लावू नये, कारण कोणास नऊ व्होल्ट लागतात, कोणास बारा, आणि पिन मात्र सारखीच दिसते. आणि जी टाकायचीच असेल तिचेही ते बारीक बटण आधी दाबावे. तिच्या पोटात तुमच्या खात्याचे नाव व परवलीचा शब्द असतो, तो भंगारवाल्याबरोबर फिरू देऊ नये. खरे तर अशी वस्तू साध्या भंगारात जाऊच नये. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि त्यांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेली पाहिजे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन ई-कचरा निघाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याचीसुद्धा रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या वृत्तीविषयी जे कळकळीने लिहिले, ते वाचताना मला प्लास्टिकच्या पिशव्या आठवत असत. हल्ली तो बोळातला कोपरा आठवतो.

त्या रात्री साडेनऊला आम्ही सगळे आजींच्या खोलीत जमलो. टॅब्लेट तयार, जपमाळ हातात. पेटीचे दिवे लागलेले. पण फोन काही येईना. पुन्हा माझ्या पोटात गोळा. नातीने धावत जाऊन पाहिले, तो दुकानात काळोख: मुलाने रोजच्या सवयीने नऊ वाजता शटर ओढताना दुकानाचे मेन बटण पाडले होते आणि त्याबरोबर नवी पेटीही निजली होती. बटण लावले, दोन-तीन मिनिटे गेली, आणि केनियातून हाक आली, "आई, इतके दिवस होतीस कुठं?"

दुसऱ्या दिवशी रविवारची मिस्सा आटोपून परत आल्यावर मुलाने इलेक्ट्रिशियन बोलावून नव्या पेटीसाठी निराळे बटण बसवून घेतले, आणि बिलबुकाच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर चिकटविला. त्यावर मराठीत व तेलुगूत ठळक अक्षरांत लिहिले आहे: "आईचे बटण. बंद करू नये."