पॅकेज पुण्याचे, हिशेब घरचा

नागपूरच्या वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो, पोराला पुण्यातून नोकरीचा फोन आला की घरात पेढे वाटले जातात. चार लाखांचे पॅकेज! पण कागद-पेन घेऊन बसलो की चित्र बदलते.

चार लाख म्हणजे महिना ३३,३३३ रुपये. मूळ वेतन १५ हजार धरले तर भविष्य निर्वाह निधीत कर्मचाऱ्याचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० जातात. कंपनीचा वाटाही बहुतेकदा पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे ७०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात साधारण २८,८०० येतात. समजा, खोलीचा वाटा ८ हजार, मेस-नाश्ता ५ हजार, प्रवास २ हजार, मोबाइल-औषधपाणी २ हजार. शिल्लक ११,८००.

तोच मुलगा नागपुरात घरी राहून २० हजार कमवत असेल आणि जेवणाचा वाटा व वरखर्च मिळून ५ हजार जात असतील, तर १५ हजार उरतात. पुण्यात तेवढेच उरायला पॅकेज सुमारे ४ लाख ४० हजार हवे.

शहरागणिक खर्च बदलतो हे सरकारलाही मान्य आहे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो, नागपुरात २० टक्के. खासगी नोकरीत मात्र तो मागून घ्यावा लागतो.

आपल्या मुलांचा आणखी एक खर्च कोणत्याच तक्त्यात नसतो. आडनाव आणि 'व्हेज की नॉनव्हेज' विचारून खोली नाकारली जाते. मग लांबची, नाहीतर महागडी खोली घ्यावी लागते. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. पगार होता, पण राहायला जागा मिळाली नाही आणि शहर सोडावे लागले. शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न पुरता मिटलेला नाही.

म्हणून पुण्याला जाऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. होकार देण्याआधी हातात येणारी रक्कम लेखी मागा. खोलीची अनामत आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च कर्ज न काढता जमेल का, ते पाहा. पुण्यात स्थिरावलेल्या बांधवांनी आणि विहार समित्यांनी नव्याने आलेल्या मुलामुलींना निदान पहिला महिना आसरा द्यावा. त्यांचे तेवढे कर्ज तरी वाचेल.

जयभीम!