गाभारा आणि अंधारकोठडी

माघ वद्य चतुर्दशीची रात्र ही शिवाची रात्र. चंद्र जवळजवळ लोपलेला. पहाटेच्या आधी क्षणभर दिसली तर दिसावी, अशी त्याची शेवटची कोर. शिवोपासनेचा हा महोत्सव आमच्या पूर्वजांनी पौर्णिमेच्या शुभ्र चांदण्यात न मांडता अशा काळोख्या रात्री मांडला आणि चार यामांच्या चार पूजा लावून दिल्या, यात खचितच अर्थ आहे. काळोखास भ्यावयाचे नसते, त्यात जागे राहावयाचे असते, ही शिकवण महाशिवरात्रीने घरोघरी पोचविली. म्हणूनच काळोखासंबंधी जो एक नवा प्रश्न अलीकडे आमच्या कानी येऊ लागला आहे, त्याचा विचार आजच्या दिवशी करणे आम्हांस उचित वाटते.

कीर्तन आटोपून प्रसाद वाटला जात असताना एखादे आईबाप हळूच जवळ येतात. मुलगा शिकलेला, बऱ्या नोकरीत असलेला. तो म्हणतो की, पूर्ण अंधाऱ्या खोलीत आठ-दहा दिवस अगदी एकट्याने राहून यावयाचे आहे. आईबाप विचारतात, "बुवा, हे आपल्या शास्त्रात आहे काय? आणि त्याला जाऊ द्यावे काय?" प्रश्न दोन आहेत व दोन्ही रास्त आहेत.

हा प्रकार आता जगभर माहीत झाला आहे. जर्मनीत, चेक प्रजासत्ताकात, थायलंडात, अमेरिकेत यासाठी मुद्दाम बांधलेल्या खोल्या आहेत. प्रकाशाचा कणही आत येऊ नये अशी व्यवस्था असते आणि जेवण दुहेरी झडपेच्या झरोक्यातून आत सरकविले जाते. 2023 च्या फेब्रुवारीत आरन रॉजर्स हा अमेरिकन फुटबॉलपटू ओरेगॉन राज्यात अशा खोलीत चार दिवस राहून आला, तेव्हा या गोष्टीचा फार गाजावाजा झाला. परंतु तिचे मूळ त्या देशांत नाही. तिबेटातील झोगचेन व बोन या परंपरांत काळोखातील एकांतवास पूर्वापार चालत आला आहे आणि त्याची पुरी मुदत 49 दिवसांची मानतात. मृत्यू व पुढील जन्म यांच्यामधील अवस्था, जिला ते 'बार्दो' म्हणतात, ती तितकेच दिवस टिकते अशी त्यांची श्रद्धा आहे. जिवंतपणी त्या अवस्थेची ओळख करून घ्यावी, म्हणजे मरणसमयी जीव गोंधळणार नाही, हा त्यामागील हेतू.

तिबेटाकडे हा मार्ग गेला त्याची एक वाट संस्कृतातून जाते, हे येथे सांगितले पाहिजे. कालचक्रतंत्र हा बौद्ध ग्रंथ संस्कृत भाषेतला. त्यातील षडंगयोगाच्या प्रत्याहारात रात्रियोग आहे. तो अंधाऱ्या जागी करावयाचा असतो. साधकास क्रमाने धूर, मृगजळ, काजवे, दिवा अशी चिन्हे दिसू लागतात, असे त्यात वर्णन आहे. आता आमचे श्वेताश्वतर उपनिषद पाहा. रुद्रशिवाचे माहात्म्य गाणारे हे उपनिषद दुसऱ्या अध्यायात योगास योग्य अशी जागा सांगते: सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-विस्तव नसलेली, डोळ्यांस न खुपणारी, वाऱ्यापासून आडोसा देणारी गुहा. आणि लागलीच पुढे, योग्यास प्रथम धुके, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक आणि चंद्र अशी रूपे भासतात, असे सांगते. दोन्ही यादींत धूर आहे, दोन्हींत काजवे आहेत. दोन निराळ्या दर्शनांच्या साधकांना डोळे आत वळविल्यावर इतके सारखे दिसावे, हे नवल करण्यासारखे आहे.

परंतु उपनिषद या रूपांना कोणता शब्द लावते? 'पुरःसर'. पुढे धावणारे. राजाच्या स्वारीपुढे चोपदार चालतात, त्यांस राजा समजून मुजरा करणारा हसे करून घेतो. आजच्या डोळसांनी हा एक शब्द मनात कोरून ठेवावा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात चांगली दृष्टी असलेल्या 13 माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस अखंड पट्टी बांधून ठेवली होती. त्यांपैकी 10 जणांना नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. कुणाला साधे प्रकाशाचे ठिपके, कुणाला चेहरे, तर कुणाला देखावे. ही माणसे काही उपासना करीत नव्हती. बाहेरचा प्रकाश थांबला की मेंदू स्वतःचीच चित्रे उभी करू लागतो, हा देहाचा धर्म आहे. तेव्हा अंधारात तेज दिसले एवढ्यावरून साक्षात्कार झाला असे कुणी मानू नये, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही तसे मानून मुलाच्या पाया पडू नये. त्यातून जो परत येतो, त्याचा राग कमी झाला काय, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी तो अधिक मऊ बोलू लागला काय, हे पाहावे. परीक्षा तेथे आहे.

आता शास्त्राचा प्रश्न. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अगदी आरंभी रसायनाचा अध्याय आहे. त्यात कुटीप्रावेशिक नावाचा विधी सांगितला आहे. साधकाने एका कुटीत राहावयाचे. ती जाड भिंतींची, उंच छताची, बारीक झरोक्याची. आणि 'त्रिगर्भा', म्हणजे एकाच्या आत एक अशी तीन दालने असलेली. तेथे पूर्ण काळोख सांगितलेला नाही. ऊन, वारा आणि गलबला यांपासून माणसास खोल आत नेऊन ठेवावे, एवढी योजना आहे. पण वाचकहो, चरकाचार्यांनी ही कुटी कोठे बांधावयास सांगितली आहे? रानात नव्हे. जेथे वैद्य आहेत, सज्जनांची वस्ती आहे, भय नाही आणि लागेल ती वस्तू मिळते, अशा ठिकाणी. वैद्य व औषधे जवळ सज्ज हवीत. आत जाण्यापूर्वी देहशुद्धी हवी. आणि अधिकार कुणाचा? जो समर्थ आहे, निरोगी आहे, बुद्धिमान आहे, ज्याचे मन ताब्यात आहे, ज्यास सवड आहे आणि ज्याच्याजवळ परिवार व साधने आहेत, त्याचाच. ज्याच्याजवळ हे नाही त्याने ऊनवाऱ्यात, आपल्या नित्य व्यवहारात राहून रसायन घ्यावे, असा दुसरा मार्ग आचार्य त्याच ठिकाणी देतात.

येथेच आमच्या सांगण्याचे मर्म आहे. एकांताची म्हणून जी जी थोर परंपरा आहे, तिच्यात दाराबाहेर एक माणूस उभा असतो. तिबेटी साधकास वाट दाखविणारा गुरू असतो आणि अन्न पोचविणारा सेवक असतो. विज्ञानासही हे सुटले नाही. 1962 साली मिशेल सिफ्र हा 23 वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता एका हिमगुहेत दोन महिने राहिला. त्याच्याजवळ दिवा होता, पण सूर्य नव्हता. 14 सप्टेंबरला त्यास बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच चालू होता. पंचवीस दिवस त्याच्या हातून निसटले होते. तरीही त्याच्या झोपेचा व जागेपणाचा हिशेब सुटला नाही, कारण गुहेच्या तोंडाशी माणसे बसली होती आणि झोपताना-उठताना तो त्यांस टेलिफोनवरून कळवीत होता. त्याचा काळ हरवला. तो सांभाळणारे बाहेर होते.

तो बाहेरचा माणूस वजा करा, म्हणजे काय उरते? अंधारकोठडी उरते. मराठीत हा शब्द शिक्षेचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली कैद्यांना वागविण्याचे जे किमान नियम संमत केले, मंडेलांच्या नावाने जे ओळखले जातात, त्यांत कैद्यास अंधाऱ्या कोठडीत ठेवणे निषिद्ध ठरविले आहे. जे अपराध्यासही देऊ नये, तेच साधक आपण होऊन मागतो! दोन्ही ठिकाणी काळोख सारखाच काळा. भेद एवढाच की कडी कोणत्या बाजूस आहे, आणि बाहेर उभा असलेला पहारेकरी आहे की सोबती.

आमच्या घरांना हे परके नसावे. तुकोबा देहूजवळच्या डोंगरावर एकांतात बसत, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यासाठी भाकरी घेऊन जिजाई उन्हातान्हात डोंगर चढत असे, वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढावयास स्वतः विठ्ठल आला, ही कथा परंपरेने जपली आहे. देव डोंगरावर ध्यानात बसलेल्याकडे गेला की नाही ते असो. भाकरी नेणारीच्या पायाशी तो बसला, असे आमचे पूर्वज सांगत आले. एकांताचे अर्धे पुण्य दाराबाहेरच्याचे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

तेव्हा आईबापांस आमचे उत्तर असे. शास्त्रात एकांत आहे, पण अटींसह आहे. कोण सांभाळणार, त्याने स्वतः हे केले आहे काय, दार आतून उघडते काय, वैद्य किती अंतरावर आहे, बाहेर आल्यावर डोळ्यांस व मनास हळूहळू प्रकाशात आणण्याची व्यवस्था काय, हे विचारावे; उत्तरे नीट न मिळाल्यास जाऊ देऊ नये. ज्यास पूर्वी मनाचा आजार झाला आहे, फेफरे येते, ठरल्या वेळी औषध घ्यावे लागते, त्याने या वाटेस जाऊ नये. काचबिंदूचा धोका असलेल्यांनीही जाऊ नये, कारण अंधारात बाहुली रुंदावते आणि काही डोळ्यांत त्यामुळे दाब एकाएकी वाढतो. आणि घरातील दुःखापासून, कर्जापासून वा भांडणापासून पळण्यासाठी जो जाऊ पाहतो, त्यास प्रथम जवळ बसवून त्याचे ऐकावे. काळोखात ही सर्व मंडळी त्याच्याआधीच जाऊन बसलेली असतात.

ज्यांना दूर कोठे जावयाचे नाही, त्यांनी आज रात्री एवढे करावे. निशीथकाळची पूजा झाली की देवघरातील नंदादीप तेवढा राहू द्यावा आणि बाकीच्या घरातील दिवे मालवावेत. घरातील एकाने आतल्या खोलीत दार लोटून एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, काळोखात स्वस्थ बसावे. दुसऱ्याने तितकाच वेळ दाराबाहेर बसावे, बोलू नये, उठू नये, आतल्याची काळजी वाहावी. मग दोघांनी जागा बदलाव्यात. दोहोंपैकी अवघड कोणते, ते ज्याचे त्यास कळेल.

गाभारा हा शब्द 'गर्भागार' या संस्कृत शब्दापासून आला. आमच्या जुन्या शिवालयांचे गाभारे काळोखे असतात. पिंडीवरचे बेलपान डोळ्यांस दिसण्यापूर्वी हातास लागते. गर्भातील नऊ महिने आपण सर्वांनी काळोखात काढले, आणि त्यांतील एक क्षणही आपण एकटे नव्हतो. तो काळोख कुणीतरी आपल्या देहात वागविला होता. शिवाच्या रात्री काळोखात शिरणाऱ्याने त्या वागविणाऱ्याचे स्मरण ठेवून आत जावे, म्हणजे त्याची कोठडी होणार नाही.