पुढच्या बळीची वाट पाहू नका

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक

विषय : शहरातील रस्ते अपघात आणि पायी चालणाऱ्यांची सुरक्षितता



8 ऑक्टोबर 2022 ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी स्लीपर बस छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, नांदूर नाक्याजवळच्या मिरची चौकात एका अवजड वाहनावर आदळली आणि पेटली. 12 जीव गेले, कितीतरी प्रवासी होरपळले. नंतरचे दिवसही लक्षात आहेत. मुख्यमंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकातली अतिक्रमणे हटली, गतिरोधक आले, शहरभरातल्या धोकादायक चौकांची यादी करायला घेतली गेली. हे सारे आवश्यकच होते. पण अतिक्रमण काढणारा जेसीबी, गतिरोधक घालणारे ठेकेदार आणि चौकाचा नकाशा वाचू शकणारे अभियंते 7 ऑक्टोबरलाही महापालिकेकडे होते. नव्हते ते फक्त कारण. ते कारण 12 घरांनी पुरवले.

एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. आपल्या शहरातला रस्ता सुधारतो तो माणसे मेल्यावर. हा क्रम उलटा करणे आपल्या हातात आहे.

हा क्रम सरकारी नियमातच बसलेला आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे 500 मीटरचा टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायचा, तर तिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात व्हावे लागतात, किंवा 10 माणसे दगावावी लागतात. केंद्राला देशभरातून निधीचा अग्रक्रम ठरवायचा असतो, त्यासाठी ही मोजपट्टी ठीक असेल. शहराने मात्र तीच उचलली, तर चार गंभीर अपघात झालेला चौक यादीबाहेर राहतो आणि पाचव्याची वाट पाहतो. जिथे रोज दोन-तीन दुचाकीस्वार घसरतात, खरचटतात, उठून निघून जातात, त्या वळणाची तर कुठे नोंदच नसते.

साथीच्या रोगांच्या बाबतीत आपलीच महापालिका असे वागत नाही. डेंग्यूचा एक रुग्ण सापडला की मलेरिया विभागाचे कर्मचारी आसपासच्या घरांत जातात. कुंड्या, जुने टायर, फ्रिजमागचा ट्रे तपासतात, साचलेले पाणी ओतून देतात, फवारणी करतात. गल्लीत दहा जण दगावेपर्यंत कोणी थांबत नाही. रुग्णाच्या निष्काळजीपणाची चर्चा करण्याआधी डास कुठे वाढतोय ते शोधले जाते. अपघाताच्या ठिकाणीही महापालिकेने याच तत्परतेने पोहोचावे, एवढीच अपेक्षा आहे.

आज काय होते? पोलीस पंचनामा करतात, वाहनचालकावर भारतीय न्याय संहितेची 281 आणि 106 ही कलमे लागतात. भरधाव चालवणाऱ्यावर, दारू पिऊन चाकामागे बसणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण पंचनाम्यानंतर रस्त्याला कोणीच प्रश्न विचारत नाही. दिवा बंद होता का? दुभाजकाचे टोक अंधारात होते का? झेब्रा पट्टा शेवटचा कधी रंगवला होता? झाडाच्या फांद्यांआड सिग्नल दिसत होता का? तो माणूस रस्त्याच्या मधोमध का चालत होता, फुटपाथ होता का? या प्रश्नांची उत्तरे चालकाकडे नाहीत. ती रस्त्याच्या मालकाकडे आहेत, आणि शहरातल्या बहुतेक रस्त्यांची मालक महापालिका आहे.

द्वारका चौकाचे उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकत्र येतात. डोक्यावर 2013 पासून उड्डाणपूल आहे. त्याने लांब पल्ल्याची वाहने वरून नेली, पण खालची माणसे तिथेच राहिली. त्यांच्यासाठी भुयारी मार्ग बांधला गेला आणि तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. याचा दोष लोकांच्या बेशिस्तीला देणे सोपे आहे. पण गुडघे दुखणारी आजी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेली बाई, काखेत लेकरू असलेला बाप जिने उतरून अंधाऱ्या भुयारात जाईल आणि पुन्हा जिने चढेल, हे गृहीतच चुकीचे होते. वाहनांना सपाट रस्ता आणि माणसांना जिने, हा न्याय उलटा आहे. पायी चालणाऱ्याला जमिनीच्या पातळीवर, पुरेशा वेळेचा हिरवा दिवा देऊन आणि रुंद रस्त्याच्या मध्यावर थांबायला सुरक्षित जागा ठेवून पार करता आले पाहिजे.

याच द्वारका परिसरात उड्डाणपुलावर 12 जानेवारी 2025 च्या रात्री लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला. निफाडकडून धार्मिक कार्यक्रम आटोपून सिडकोत परतणारी तरुण मुले त्यात गेली. वाहनाबाहेर डोकावणाऱ्या सळयांवर देशात 2014 पासून बंदी आहे. अशा वाहनांना अडवणे पोलिसांचे आणि आरटीओचे काम आहे, महामार्ग प्राधिकरणाचीही जबाबदारी आहे, हे मला मान्य आहे. पण मरणारा मुलगा नाशिकचा असतो. चार यंत्रणांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार आणि वजन शहरात ज्या खुर्च्यांना आहे, त्यांत आपली खुर्ची आहे.

आता वेगाबद्दल. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतले 44.5 टक्के दुचाकीवर होते आणि 19.5 टक्के पायी चालत होते. म्हणजे शंभरातल्या 64 जणांभोवती पत्र्याचे कवच नव्हते. अशा उघड्या शरीराचे जगणे-मरणे धडकेच्या क्षणी वाहनाचा वेग किती होता, यावर ठरते. ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या धडकेत 30 च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते. 30 च्या वेगातला सावध चालक साधारण 13 मीटरमध्ये गाडी थांबवतो. 50 च्या वेगात त्याला 28 मीटर लागतात. रस्त्यात धावत आलेले मूल 15 मीटरवर असेल, तर पहिल्या चालकाच्या हातून ते वाचते, दुसऱ्याच्या नाही.

आणि वेळ किती वाचतो? दोन किलोमीटरला 30 च्या वेगाने चार मिनिटे लागतात. सिग्नल, वळणे काहीच नाही असे मानले, तरी 50 च्या वेगाने फार तर 1 मिनिट 36 सेकंद वाचतात. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, जेल रोड इथल्या शाळेसमोरच्या, बाजारातल्या, वस्तीतल्या रस्त्यांवर दीड मिनिटासाठी आपण एवढा धोका पत्करावा का?

वेग फलक लावून कमी होत नाही, हे आपले अभियंते जाणतात. रस्ता रुंद, सरळ, मोकळा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. गल्लीच्या तोंडाशी वळण आवळले, फुटपाथ कोपऱ्यावर पुढे आणला, झेब्रा पट्टा उंचावून फुटपाथच्या पातळीत घेतला, तर पोलीस उभा नसतानाही गाडी हळू होते. गतिरोधकांनाही प्रमाण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, आधी फलक असावा, वर रंग असावा. कोणाच्या तरी मागणीवरून रातोरात टाकलेला डांबराचा अरुंद उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो आणि मागे बसलेल्या बाईच्या पाठीचा मणका दुखावतो. तो सुरक्षेच्या नावाखाली केलेला नवा धोका आहे.

रचना बदलली की मृत्यू कमी होतात, हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जण दगावले होते. प्रत्येक अपघाताचा अभ्यास, धोकादायक कठडे आणि खांबांवर उपाय, अंमलबजावणी आणि जखमींना वेळेत मदत यांची सांगड घातल्यावर 2020 मध्ये हा आकडा 66 वर आला. फिनलंडच्या हेलसिंकीत, नाशिकच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येच्या शहरात, जुलै 2024 ते जुलै 2025 या वर्षभरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा 30 आहे. ते शहर श्रीमंत आहे, हे खरे. पण रंग, बोलार्ड, खडी आणि सिमेंट आपल्यालाही परवडते.

कायदाही आता पायी चालणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये फुटपाथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि ती जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याचा आदेश दिला. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतले कलम 198अ तर रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणा यांना 1 लाखापर्यंत दंड सांगते. पण भरपाईचा धनादेश घरात कोणाला परत आणत नाही. ही वेळ येऊ नये म्हणून आपण आहात.

नाशिकने प्रयत्न केलेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम राबवली, राज्यभर तिची चर्चा झाली. हेल्मेट जीव वाचवते, प्रत्येकाने ते घालावेच. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या 1.1 किलोमीटरवर स्मार्ट रोड झाला, तिथे फुटपाथ आणि सायकल ट्रॅक आखले गेले. पण हेल्मेट पायी चालणाऱ्याच्या उपयोगाचे नाही आणि शहर 1.1 किलोमीटरचे नाही.

आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रिंग रोड, पूल, घाट यांवर मोठा खर्च होतो आहे. सिंहस्थात येणारा भाविक शेवटचा टप्पा पायीच चालतो. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकात झालेल्या चेंगराचेंगरीत 39 जण गेले. पायी माणसाला पुरेशी जागा न देण्याची किंमत या शहराइतकी कोणाला ठाऊक आहे? म्हणून या निधीतल्या प्रत्येक रस्त्याच्या आराखड्यात आधी फुटपाथ आखा, मग उरलेली रुंदी वाहनांना द्या. सिंहस्थ काही महिन्यांत संपेल, फुटपाथ पुढची पंचवीस वर्षे शाळकरी मुलांच्या उपयोगी पडेल.

आपल्याकडे माझ्या पाच मागण्या आहेत.

एक, शहर हद्दीत अपघाती मृत्यू झाला की सात दिवसांच्या आत महापालिकेचा अभियंता, वाहतूक पोलीस, आरटीओ आणि रस्ता महामार्गाचा असेल तर प्राधिकरण यांची त्या जागी संयुक्त पाहणी व्हावी. तीस दिवसांत तात्पुरता का होईना, उपाय व्हावा. पाहणीचा अहवाल महापालिकेच्या संकेतस्थळावर लोकांना वाचता यावा.

दोन, मृत्यूची वाट न पाहता जखमींची नोंद घ्या. बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन ही रुग्णालये आपलीच आहेत. तिथे येणाऱ्या प्रत्येक अपघातग्रस्ताला फक्त एवढे विचारले जावे : कुठे लागले, कसे लागले? नाव-गाव नको, जागा हवी. ‘108’ रुग्णवाहिकेची माहिती त्याला जोडली, तर सहा महिन्यांत शहराचा खरा नकाशा हाती येईल.

तीन, शाळा, रुग्णालये, बाजार आणि निवासी वस्त्यांतल्या रस्त्यांवर 30 ची मर्यादा घाला आणि ती रस्त्याच्या रचनेतून पाळून घ्या.

चार, प्रत्येक मुख्य रस्त्यावर किमान 1.8 मीटर मोकळा, सलग, 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेला फुटपाथ द्या. विक्रेत्यांना हुसकावून लावू नका, त्यांची जागा आखून द्या. व्यापाऱ्यांना ग्राहक कमी होतील अशी भीती वाटते. त्यांना पुण्याचा जंगली महाराज रस्ता दाखवा. तिथे फुटपाथ रुंद केला आणि लोक चालायला, बसायला, खरेदीला आले.

पाच, खोदकाम चालू असलेल्या प्रत्येक ठिकाणी रात्री दिसणारे कठडे आणि दिवे असल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. पट्टे आणि फलक लागल्याशिवाय नवा डांबरी रस्ता वाहतुकीला खुला होऊ नये.

या पाचांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद आणि नावानिशी जबाबदार एक अधिकारी हवा. समित्या पुष्कळ झाल्या. चुकले तर उत्तर कोण देणार, हे लोकांना कळले पाहिजे.

आम्ही नागरिकही काही देणे लागतो. उलट्या दिशेने गाडी घालणे, फुटपाथवर ती लावणे, मुलाला अठरा वर्षांआधी चावी देणे हे आपणच थांबवायचे आहे. ते मी माझ्या वस्तीत बोलतो आणि बोलत राहीन. पण माणसाची चूक झाली तरी तिची शिक्षा मृत्यू असू नये, असा रस्ता बांधणे हे महापालिकेचे काम आहे.

पहिल्या मागणीची सुरुवात करायला नवा कायदा, नवी निविदा, नवा निधी काहीच लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरते. ते काढा, त्यावर तारीख घाला आणि आम्हाला कळवा. पहिल्या पाहणीला मोजपट्टी धरायला नाशिककर हजर असतील.

आपला,
पंचवटीतील एक नागरिक