फोटोचे दुकान

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एक पालक आपल्या मुलाला घेऊन आमच्या घरी आले. मुलगा आमच्याच शाळेत एस्. एस्. एल्. सी.च्या वर्गात होता. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग पालकांनी एकदम विषय काढला. "सर, हा फोटोग्राफर व्हायचं म्हणतो. तुमचं ऐकतो तो. जरा समजावा त्याला." मुलगा मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याला समजावलेही. छंद म्हणून कला चांगली, पोटासाठी मात्र पदवी हवी, इत्यादी जे अशा प्रसंगी शिक्षक म्हणतात ते सर्व आम्ही म्हटले. पालक समाधानाने उठले. जाताना मुलगा एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही कधी कुणाला विचारलंय का, त्यांचं दुकान कसं चालतं ते?"

आम्ही कुणालाच विचारले नव्हते. ज्या गोष्टीची आपणांस माहिती नाही तिच्याविषयी शिक्षकाने उपदेश करावा यात नवल नाही. परंतु ते विद्यार्थ्याने दाखवून द्यावे हे मनाला लागते. त्यानंतर सुभाष रोडवरून जाता-येता आम्ही फोटोच्या दुकानांत थांबू लागलो, दुकानदारांशी बोलू लागलो व थोडेफार वाचनही केले. आज आमचे मत बदलले आहे. ते का बदलले हे त्या पालकांना, आणि त्यांच्यासारख्या इतरांनाही, सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पालकांचा आक्षेप असा होता की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे; मग फोटोसाठी पैसे मोजील कोण? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो नवा नाही. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा छोटा कॅमेरा २५ डॉलरला विकावयास काढला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा, आणि फोटो छापून व नवी फिल्म भरून तो घरी परत यावयाचा. ज्याला बोट आहे त्याला फोटो काढता येऊ लागला. तरीही फोटोची दुकाने बुडाली नाहीत. उलट, डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना आपल्याच एका अभियंत्याने १९७५ साली बनविला असतानाही, २०१२ साली दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेण्याची पाळी खुद्द कोडॅक कंपनीवर आली. साधनांचा धंदा आणि छायाचित्रकाराचा धंदा हे दोन निराळे धंदे आहेत. खिशातला कॅमेरा मुलाच्या मुंजीच्या दिवशी फारसा कामास येत नाही, कारण त्या दिवशी खिशाचा मालक स्वतःच भटजींसमोर पाटावर बसलेला असतो.

मग गिऱ्हाईक पैसे मोजते ते कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस राजा दीनदयाळ यांच्या चरित्रात सापडले. हे गृहस्थ १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी जन्मले, रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले व इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. (अभियांत्रिकीचा आग्रह धरणाऱ्या पालकांनी इकडे लक्ष द्यावे.) १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, परंतु नोकरी लगेच सोडली नाही. सुमारे दहा वर्षे नोकरी सांभाळून त्यांनी हात बसविला, ओळखी जोडल्या, सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली आणि मगच ते पूर्ण वेळ या व्यवसायात उतरले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ साली त्यांनी मुंबईत पेढी उघडली. कोडॅक बाजारात आल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती.

पदव्या व मानमरातब यांपेक्षा त्यांची एक गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रगृह काढले. पडद्यातल्या स्त्रियांना फोटो हवा असे. पण परपुरुषासमोर बसावयाचे कसे? दीनदयाळांनी जाहिरातीत आपल्या कौशल्याची स्तुती करीत बसण्याऐवजी या अडचणीचाच विचार केला. पुरुषांस तेथे प्रवेश ठेवला नाही आणि काम एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविले. गिऱ्हाईक दाराशी येऊन का परत जाते हे ज्याला कळले त्याला धंदा कळला, असे आम्हांस यावरून वाटू लागले.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे, आणि ते एका फार मोठ्या माणसाचे आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस. त्यांच्या हाताविषयी कोण शंका घेईल? गोध्र्याला त्यांनी फोटोचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगमध्ये पत्नी व मूल गमावून ते बडोद्यास परतले व तेथे पुन्हा दुकान थाटले. तेव्हा गावात अशी वदंता उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो व फोटो काढणारा लवकर मरतो. दुकान चालले नाही. पुढे १९१३ साली ज्याने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्याला बडोद्यातल्या माणसांना खुर्चीवर बसविता आले नाही! आम्ही हे उणेपणाने लिहीत नाही. प्लेगचे दिवस, घरात नुकताच झालेला मृत्यू, अशा वेळी लोकांच्या मनातली भीती घालविण्याइतके बळ कोणाजवळ उरते? पण उत्तम फोटो आणि चालणारे दुकान यांत केवढे अंतर असू शकते हे मात्र यावरून दिसते.

अशा भीतीला हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. ते मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी तर छायाचित्रणात नाव मिळविले. हे आम्ही कोकणी माणसे अभिमानाने सांगतो. परंतु त्याच किनाऱ्यावर, कारवारकडच्या आमच्या घरात, आमच्या पणजीचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती "फोटो नाका" म्हणून आत निघून जात असे, असे आजी सांगते.

आता सुभाष रोडकडे वळू. येथे नवे दुकान काढणाऱ्या मुलाला गिऱ्हाईक मिळेल काय? आमच्या मते, मिळेल. धारवाड हे विद्यार्थ्यांचे गाव. विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, स्पर्धापरीक्षांचे वर्ग आहेत. अर्जाला ठराविक मापाचा फोटो लागतोच, आणि अर्जाची मुदत संपत आलेल्या मुलाला तो ताबडतोब हवा असतो. या लहान कामात मोठी कमाई नाही. पण आज घाईच्या वेळी ज्याने आपले काम नीट करून दिले, त्याचे नाव तो मुलगा चार वर्षांनी बहिणीच्या लग्नात घरी सुचवितो.

लग्नाच्या कामास कॅमेऱ्याबरोबर आणखी एक विद्या लागते. आपल्या गावात एकाच आठवड्यात मराठी, कानडी व कोकणी अशी तिन्ही घरची लग्ने असू शकतात. मंगलाष्टके संपून अंतरपाट कोणत्या क्षणी दूर होणार, कानडी ब्राह्मण घरांत त्याच वेळी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात तेव्हा उभे कोठे राहावे, मामा वधूला कोणत्या दाराने मंडपात आणणार, हे ज्याला आधी ठाऊक नाही त्याच्या महागड्या भिंगाचा काय उपयोग? तो क्षण पुन्हा येत नाही, आणि भटजी थांबत नाहीत. म्हणून आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना आम्ही सांगतो की कानडी उत्तम शिका. दुकानाच्या पाटीवर तर २०२४ पासून कायद्यानेच साठ टक्के कानडी हवी. पण पाटीपेक्षा वधूच्या आजीशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलता येणे अधिक मोलाचे आहे. ती हसली की सबंध घराचा फोटो चांगला येतो.

गिऱ्हाईक टिकवावे कसे, याचा धडा याच रस्त्यावर आहे. सुभाष रोडवर एका माळ्यावर, ज्याला लोक 'अट्ट' म्हणून ओळखतात तेथे, मनोहर ग्रंथमाला ही कानडी प्रकाशनसंस्था आहे. जी. बी. जोशी व त्यांच्या मित्रांनी ती १९३३ साली सुरू केली. एकेक पुस्तक छापून गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी त्यांनी आधी वर्षाचे वर्गणीदार जमविले व मग त्यांना पुस्तके दिली. (घरी कोकणी बोलणाऱ्या गिरीश कर्नाडांचे 'ययाति' हे पहिले कानडी नाटक येथूनच १९६१ साली निघाले, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.) छायाचित्रकाराने हा मार्ग का धरू नये? बारसे, उष्टावण, पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, मुंज अशी एका घराची कामे वर्षानुवर्षे येतच असतात. ते घरच वर्गणीदार करून घेतले तर दर वेळी नवे गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही.

दराविषयी मात्र आमच्या मुलांचे गणित कच्चे आहे. शेजारी किती घेतो ते पाहावयाचे व त्याहून थोडे कमी सांगावयाचे, एवढीच त्यांची रीत. समजा, कॅमेरा व भिंगे मिळून दीड लाखाचे साहित्य घेतले, ते पाच वर्षे टिकले व वर्षाला तीस लग्ने मिळाली. तर एकेका लग्नामागे एक हजार रुपये केवळ साहित्याच्या झिजेपोटी बाजूला पडावयास हवेत. त्यात दुकानाचे भाडे, वीज, मदतनिसाची मजुरी, व चातुर्मासात मुहूर्त नसतात त्या महिन्यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. हे कागदावर न मांडता जो स्वस्तात काम घेतो तो गिऱ्हाइकावर उपकार करीत नसून पुढच्या वर्षी दुकान बंद करण्याची तयारी करीत असतो. एकाच मोठ्या आश्रयदात्यावर विसंबणेही तितकेच धोक्याचे. दीनदयाळांचा मोठा आधार दरबार हाच होता. १९०५ साली ते वारले आणि पेढीचे ते वैभव पुढे राहिले नाही.

दुसरी गोष्ट प्रसिद्धीची. आता नमुने दाखवावयास दुकानाची काच लागत नाही, फोनवरून ते क्षणात शेकडो लोकांपर्यंत जातात. परंतु दुसऱ्याच्या मुलीचा फोटो तिला व तिच्या घरच्यांना न विचारता आपल्या जाहिरातीसाठी लोकांपुढे ठेवणे आम्हांस सर्वथा अयोग्य वाटते. संमती लेखी घ्यावी, आणि नाही म्हटल्यास मनात राग धरू नये. १८९२ साली एका माणसाने स्त्रियांच्या संकोचासाठी वेगळी इमारत चालविली. आपल्याला एक ओळ लिहून घेण्याचाही कंटाळा असावा काय?

आता आमच्या शाळेतलीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी निरोपसमारंभाच्या दिवशी दहावीच्या वर्गाचा समूहफोटो काढला. त्याच वर्षी आमचे जुने शिपाईमामा निवृत्त होत होते. मुलांनी आग्रहाने त्यांना मधल्या खुर्चीवर बसविले. छायाचित्रकाराने आगाऊ पैसे घेतले, उद्या देतो परवा देतो असे म्हणत उन्हाळा घालविला व शेवटी यंत्रात बिघाड होऊन सर्व फोटो नाहीसे झाल्याचे सांगितले. पैसे परत मिळाले. पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. त्यांचा मुलगा तो फोटो मागावयास शाळेत आला तेव्हा त्याला काय सांगावे हे आम्हांस सुचेना.

आम्ही त्याला सुभाष रोडवरच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेलो. म्हाताऱ्या मालकांनी साल विचारले, शाळेचे नाव विचारले, एक जाडजूड वही काढली व लाकडी कपाटातून क्रमांक घातलेले पाकीट शोधून आणले. त्यात सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका वर्गाच्या फोटोची निगेटिव्ह होती. मागच्या रांगेत टोकाला, हातात घंटेचा टोल घेऊन, मामा उभे होते. दुकानदारांनी तेवढा भाग मोठा करून छापून दिला. पैसे घेतले, पावतीही दिली. दीनदयाळांच्या पेढीच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कलाकेंद्रात आहेत, कारण त्या पेढीनेही त्या क्रमांक घालून जपल्या होत्या. सुभाष रोडवरच्या त्या कपाटाला कोणी संग्रहालय म्हणणार नाही, पण मामांच्या मुलाचे काम तेथे झाले.

त्या दिवशी घरी येताना आम्हांस दिवाळीतल्या त्या मुलाचा प्रश्न आठवला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो, आधी दिलेला सल्ला परत घेतला, आणि मुलाने कॉलेज सोडू नये, संध्याकाळी मात्र त्या जुन्या दुकानात उमेदवारी करावी, असे सुचविले. वडील पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, त्याचे मार्क कमी झाले तर मी तुमच्याकडेच येणार." ते अद्याप आलेले नाहीत.

या अंकात छापलेला दहावीच्या वर्गाचा समूहफोटो त्याच मुलाने काढला आहे. त्याने आमच्याकडून अर्धे पैसे आगाऊ मागितले तेव्हा क्षणभर आमच्या कपाळाला आठी पडली, हे कबूल करावयास हवे. आम्ही पैसे दिले. त्याने पावती फाडून दिली. तिच्यावर क्रमांक होता, फोटो देण्याची तारीख होती, आणि खाली त्याच्या अक्षरात मराठीत व कानडीत लिहिले होते: "प्रती दोन ठिकाणी ठेवल्या जातील."